चार बोटं वाळू

कुर्ल्याच्या बाजारात रऊफने पुढ्यात पिशव्या मांडल्या:
निळे खडे, गुलाबी खडे,
आणि एक काळी चकचकीत, किलोला एकशेसाठ.
"मॅडम, लोक हेच नेतात."
निळ्या खड्यांवर मासा कसा दिसेल ते बघत राहिले.
शोरूममध्ये चुकून शिरलेल्या माणसासारखा.
शेवटी फक्त गोगलगायी घेतल्या,
वीस रुपयांना मूठभर.

टाकी तीन फुटी.
श्रीरंग डायनिंग टेबल घेऊन गेला
त्या जागेच्या मापाची.

शनिवारी अन्वय बाबाबरोबर गोराईला गेला होता.
येताना बाटली भरून वाळू आणली, बुचापर्यंत दाबून.
"आपल्या टाकीला. बाबानेच भरली."
बशीत चमचाभर घेतली, वर अर्धं लिंबू पिळलं.
वाळू चुरचुरली,
कडेने बारीक फेस धरला.
"म्हणजे वाईट आहे?"
वाईट नाही रे. हिच्यात शिंपले आहेत,
ते हळूहळू विरघळत राहतील, पाणी जड होत जाईल,
आपल्या झाडांना हलकं पाणी लागतं.
सांगताना माझाच आवाज मला
कोर्टातल्या समुपदेशक बाईंसारखा वाटला.

नदीची वाळू हवी.
पण भांडुपच्या आमच्या गल्लीत चार टॉवर उठतायत
ते सगळे दगडाच्या भुकटीवर.
तिला धार असते,
तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात.

तळमजल्याच्या घाडीकाकांनी जन्मभर प्लास्टर केलं.
त्यांच्या जिन्याखाली एक गोणी निघाली,
अठ्ठ्याऐंशी साली ही बिल्डिंग बांधताना उरलेली.
वैतरणेची, असं ते म्हणतात.
मूठ माझ्या कानाशी आणून चोळली:
"रेव डोळ्यांनी बघुची नाय गो, कानान आयकुची."
कर्र, कर्र.
माती असती तर गप्प बसली असती.
मैद्यासारखी नको, गच्च बसते, मुळं गुदमरतात.
रवा हवा. तोही इडलीचा.

आमच्याकडे पाणी पावणेसहा ते सात.
दोन घमेली वाळू, अकरा बादल्या.
पहिलं पाणी चहासारखं, पाचवं ताकासारखं,
अकराव्यात माझी बोटं दिसली, सुरकुतलेली.
त्या दिवशी कपडे राहिले.

मागे चार बोटं, पुढे दोन,
उतार अन्वयने फूटपट्टीने ओढला.
जास्त घातली तर तळाशी काळी पडते,
सडक्या अंड्याचा वास कोंडून ठेवते;
म्हणून गोगलगायी, रात्रभर नांगरणाऱ्या.
आणि वाळूत खायला काहीच नसतं, म्हणून
प्रत्येक मुळाशी खताची गोळी,
भरल्या वांग्यात सारण दाबावं तशी.

दोन दिवस टाकी गढूळ.
मग आठवड्यात क्रिप्टोची सगळी पानं
काचेसारखी होऊन विरघळली.
मी उपटायलाच निघाले होते.
"हात लावू नका," रऊफ फोनवर म्हणाला,
"वरचं गेलं तरी खाली चालू असतं."

घाडीकाका बघायला आले.
माशांकडे नाही, तळाकडे बघत बसले,
मग भिंतीकडे. तिथे फोटो काढल्यापासून
खिळ्याचं भोक आहे, त्यातून कधीमधी दाणे गळतात.
बोट घालून त्यांनी चार दाणे काढले,
काचेला टेकवून दाखवले.
"तीच ही."
चहा न घेता गेले.

गोराईची बाटली खिडकीत आहे.
तिच्यावर अन्वयने स्केचपेनने लिहिलंय:
समुद्राची टाकी घेऊ तेव्हा.

सोळाव्या दिवशी वाळूतून एक पान आलं,
तपकिरी, नखाएवढं.
तो बाबाकडे होता.
फोटो काढला, पाठवला नाही.
रविवारी येईल, शोधू दे त्याचं त्याला.